उन्हाकडचं दार

मला एका जागी बसवत नाही. टीव्ही बघतानाही मी मध्येच उठून गॅस बंद आहे ना ते बघून येते. माझा नवरा केंद्र सरकारच्या एका खात्यात बसून बसून निवृत्त झाला. तो म्हणतो, तुला देवाने बरोबर नोकरी शोधून दिली. दिल्लीतल्या एका जिल्हा न्यायालयात एका संस्थेने मला नेमलं आहे. गळ्यातल्या कार्डावर ‘कोर्ट कोऑर्डिनेटर’ असं लिहिलंय. प्रत्यक्षात मी दिवसभर एका दारातून दुसऱ्या दारात जात असते.

साक्षीदार लहान मूल असेल किंवा धास्तावलेली बाई असेल, तर तिला आरोपीच्या नजरेला न पडू देता आत न्यायचं, साक्ष होईपर्यंत तिच्या घरच्यांना सांभाळायचं, आणि जज, सरकारी वकील, टायपिस्ट आणि साक्षीदार ही सगळी मंडळी एकाच वेळी एका जागी सापडतील असं बघायचं. ऐकायला सोपं आहे. लग्नात मुहूर्ताच्या क्षणी भटजी असतो तर मामा नसतो, मामा सापडतो तर नवरदेव बूट शोधत असतो, तसं आमचं रोजचं चालतं. फरक इतकाच की इथे मुहूर्त टळला तर पुढची तारीख मिळते, आणि ती कधी कधी पुढच्या मोसमातली असते.

या कामाचा एक नियम मला अजूनही जाचतो. साक्षीदाराशी त्याच्या केसबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. काय बघितलंस विचारायचं नाही, असं सांग म्हणायचं तर नाहीच नाही. नाहीतर समोरचा वकील म्हणणार, हिने पढवलं. मग तास न् तास शाळेबद्दल, कुत्र्यांबद्दल, छोल्यांबद्दल बोलायचं. ज्यासाठी ती माणसं तिथे येऊन बसलेली असतात, ते सोडून जगातलं सगळं आम्ही बोलतो.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे एक मराठी मुलगी आली. सातवीतली होती. बाप नोएडाला आयटीत, मूळचा पुण्याचा. आई घरी क्लासेस घ्यायची. दिल्लीतल्याच द्वारका भागात एका सोसायटीत राहायचे, आणि बापाची आईही त्यांच्याकडेच असायची. एका संध्याकाळी बापाने मुलीच्या आईला बाल्कनीच्या काचेच्या दारावर ढकललं. काच फुटल्यावरही तो थांबला नाही. आईच्या उजव्या हाताची शीर तुटली. आता तिची तीन बोटं मिटत नाहीत. मायलेकी दिल्लीतच मुनिरका भागात दोन खोल्या घेऊन राहायला लागल्या, आणि बाप जामिनावर सुटून पुन्हा ऑफिसला जायला लागला.

बापाचं म्हणणं होतं, बायकोचा पाय घसरला. आजीने पोलिसांना सांगितलं होतं की मी घरात नव्हतेच, खाली सोसायटीच्या देवळात होते. म्हणजे बघणारी एकटी मुलगीच उरली. ती बोलली नाही तर नवऱ्याविरुद्ध बायकोचा एक शब्द, एवढीच केस राहणार होती. आणि तो सुटला तर मुलीचा ताबा मागणार, हे त्याने सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलं होतं. आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं ते त्यामुळे. हाताचं दुखणं तिने केव्हाच मागे टाकलं होतं.

पहिल्या तारखेला वकिलांचा संप निघाला. दुसऱ्या तारखेला साक्षीच्या खोलीतला कॅमेरा कोर्टरूमला जोडला जाईना. एक माणूस येऊन वायर हलवून गेला, मग दुसरा येऊन तीच वायर हलवून गेला, आणि संध्याकाळ झाली. दोन्ही वेळा मुलगी सकाळी बोलायच्या तयारीने आली आणि न बोलता परत गेली. ते तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. तिने नखं खाऊन खाऊन बोटं लाल केली होती. मला त्या वायरवाल्यांचे कान उपटावेसे वाटले. मी त्यांना चहा पाजला, कारण पुढच्या तारखेला तेच लागणार होते.

आई मला ‘ताई’ म्हणायची. मी मराठी निघाले म्हणून तिला सुटल्यासारखं झालं होतं. “ताई, तुम्ही आपल्यातल्या. तुम्हीच सांगा ना तिला जरा, घाबरू नकोस, नीट सगळं बोल म्हणून.” मी म्हणायचे, “मला नाही सांगता येणार.” तिला ते लागायचं. मराठी असून ही बाई पोलिसासारखी वागते, असं तिच्या मनात येत असणार. मलाही स्वतःचा राग यायचा. पण मी एकदा आपल्यातली झाले की त्या मुलीच्या साक्षीचा कचरा झाला असता.

कोर्ट रिकामं असताना मी मुलीला सगळं दाखवून आणलं होतं. जज मॅडम इथे बसतात, तू त्या बाजूच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसशील, बाबा तिथे पडद्यामागे असतील, ते तुला दिसणार नाहीत आणि तू त्यांना दिसणार नाहीस. तिने जजच्या खुर्चीकडे बघत विचारलं, “मावशी, मी बोलले तर बाबाला जेल होणार?”

“ते जज ठरवतात,” मी म्हटलं.

“पण माझ्यामुळेच ना?”

मी तिला विचारलं, तहान लागलीये का. ती नाही म्हणाली.

तिसऱ्या तारखेला दिल्लीत असं धुकं पडलं होतं की कोर्टाच्या गेटवरून कोर्ट दिसत नव्हतं. सरकारी वकील रस्त्यात अडकले. मी पायऱ्यांवर, मग गेटवर, मग रीडरच्या टेबलाशी, अशा येरझाऱ्या घालत होते. रीडर म्हणजे जजसमोर बसून फाइली पुढे-मागे करणारा माणूस. तो म्हणाला, “मॅडम, आप बैठ जाइए, आपको देखके मुझे चक्कर आता है.” मी बसले आणि लगेच उठले. जज मॅडमनी आणखी एक तारीख दिली तर ही मुलगी परत येणार नाही, असं मला आतून वाटत होतं. आई म्हणाली होती, ती हल्ली जेवत नाही.

धुकं फाटलं तसे सरकारी वकील आले, मफलर सोडत, माफी मागत. आता फक्त मुलीला आत घ्यायचं. त्याची आमची एक पद्धत आहे. आरोपी कोठडीत असला तर सोपं, तो पोलिसांच्या ताब्यात असतो. जामिनावरचा आरोपी मात्र चारचौघांसारखा हिंडत असतो, पाण्याच्या कूलरपाशीही भेटू शकतो. म्हणून कोर्टातला पोलीस, ज्याला इथे ‘नायब कोर्ट’ म्हणतात, तो आरोपीला पडद्यामागे बसवतो आणि मला फोन करतो. मग मी साक्षीदाराला मागच्या दाराने आणते. त्या दिवशीही फोन आला. “मॅडम, बंदा बैठ गया है. ले आओ.”

मागचं दार दक्षिणेकडे उघडतं. तिथे छोटंसं अंगण आहे आणि एक सिमेंटचा बाक. हिवाळ्यात सबंध इमारतीत ऊन येतं ते तेवढ्याच जागेवर. दिल्लीत राहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. जानेवारीत इथली माणसं उन्हाच्या तुकड्यासाठी खुर्च्या घेऊन फिरतात. पुढच्या कॉरिडॉरमध्ये गारठलेल्या एका म्हातारीची गार्डला दया आली आणि त्याने तिला आणून त्या बाकावर बसवलं. आरोपी कुठे आहे यावर आमच्या सगळ्यांचं लक्ष होतं. ती आरोपी नव्हती. ती कोणाच्याच हिशेबात नव्हती.

पायात मोजे आणि चप्पल, अंगावर दोन शाली, मांडीवर कापडी पिशवी. तिने डोळे मिटले होते. मी काही समजायच्या आत मुलगी माझ्या हातातून सुटली, सरळ बाकाकडे गेली आणि वाकली. शाळेच्या स्वेटरमध्ये, दोन्ही हात पायांवर टेकवून, व्यवस्थित नमस्कार केला. ज्या घरात मूल बोलायला लागायच्या आधी ‘आजीला नमो कर’ शिकतं, त्या घरातली ती होती. आजी दिसली की वाकायचं. मध्ये पोलीस आहेत, खटला आहे, हे त्या पाठीला माहीतच नव्हतं.

म्हातारीने डोळे उघडले. तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “किती वाळलीस गं. जेवत नाहीस का?”

एवढंच. धमकी नाही, रडणं नाही, बाबाला सांभाळून घे असलं काही नाही. मी मुलीला धरून आत नेलं.

आई साक्षीच्या खोलीबाहेर उभी होती. तिने दारातून सगळं बघितलं होतं. “तू तिच्या पाया पडलीस?” तिचा आवाज फाटला. “माझा हात असा झाला तरी देवळात होते म्हणून सांगणाऱ्या बाईच्या?”

“तूच शिकवलंस,” मुलगी म्हणाली.

मग आई माझ्यावर उलटली. “आणि तुम्ही काय करत होतात? एवढं एकच काम आहे ना तुमचं?” मला भयंकर राग आला. गार्डचा, उन्हाचा, तिचाही. मी म्हटलं, “हो, एवढं एकच आहे, आणि आता त्याबद्दल मला जजसमोर जाऊन बोलायचंय. तुम्ही तिला ओरडू नका.” जे बोलले त्याचा मला आजही पस्तावा नाही, मात्र आवाज जरा खाली ठेवायला हवा होता.

जज मॅडमना मी जसं घडलं तसं सांगितलं. नियमच आहे तो. बचाव पक्षाच्या वकिलाने तिथेच कान टवकारले, हे मला दिसलं. मॅडमनी मुलीला चेंबरमध्ये बोलावून विचारलं, कुणी काही शिकवलं का, भीती वाटते का, आज बोलायचंय की नंतर. मुलगी काहीच बोलली नाही. मॅडम म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर विचारू. तेव्हाही बोलली नाही तर तारीख देऊ.

ती सुट्टी माझ्या जन्मात सरता सरेना. आमच्या खोलीत खेळणी आहेत, रंगीत खडू आहेत, भिंतीवर जिराफ आहे. सातवीतल्या मुलीला जिराफाचं काय? ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली. एरवी मी मुलांना म्हणते, बस बाळा, शांत हो. त्या दिवशी मी तिच्याबरोबर चालायला लागले. आई कोपऱ्यात आपला उजवा हात डाव्या हातात घेऊन बसली होती. मला त्या मुलीला गदागदा हलवून सांगावंसं वाटत होतं की बोल, आज बोल, नाहीतर तुझ्या आईचं कसं होणार. माझ्या ओठांवर आलं होतं ते. मी तिला विचारलं, शाळेत स्पोर्ट्स डे झाला का. ती म्हणाली, हो, रिले होती. मी विचारलं, तू कितवी धावलीस. ती म्हणाली, शेवटची, शेवटचीला सगळ्यात फास्ट घेतात. आणि आम्ही वळून परत चालायला लागलो.

थोड्या वेळाने ती जिराफापाशी थांबली आणि आईकडे न बघता म्हणाली, “मावशी, मला आत जायचंय.”

साक्षीच्या वेळी मी तिच्या मागच्या खुर्चीवर बसते. मान हलवायची नाही, खाकरायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. हात मी मांडीखाली दाबून बसते. मुलगी हिंदीत बोलली, शाळेत बोलते तशी, स्पष्ट. पापांनी मम्मीला कुठे धरलं, काच कधी फुटली, शेजारचे अंकल कधी आले. सरकारी वकिलांचे प्रश्न संपले आणि मला जरा हायसं वाटलं.

मग बचावाचे वकील स्क्रीनवर आले. वयस्क, गोड आवाजाचे. या कोर्टात त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नाही, आणि म्हणूनच मला त्यांची धास्ती वाटते.

“बेटा, आज आपने दादी के पैर छुए?”

“जी.”

“बहुत अच्छे संस्कार हैं. दादी से प्यार करती हो?”

“जी.”

“दादी झूठ तो नहीं बोलतीं?”

मुलगी ‘नाही बोलत’ म्हणाली तर आजीचं देवळात असणं खरं ठरणार, आणि घरात काय झालं ते सांगणारी ही एकटी पोर, आईने पढवलेली, असं ते म्हणणार. ‘बोलते’ म्हणायचं तर ज्या पायांना सकाळी हात लावले त्या आजीला खोटारडी म्हणायचं. मी स्क्रीनवर सरकारी वकिलांकडे बघितलं. ते हरकत घ्यायला उठत होते. त्याआधीच मुलगी बोलली.

“दादी मंदिर में नहीं थीं. दादी ने ही पापा को खींचा था. पीछे से, शर्ट पकड़के. पापा ने दादी को भी धक्का दिया. दादी की चूड़ियाँ टूट गईं. नीचे जो काँच था ना, सब दरवाज़े का नहीं था. हरा वाला दादी का था. मैंने उठाया था.” मग तिने श्वास घेतला. “दादी नहीं होतीं तो मम्मी मर जातीं. इसलिए मैंने पैर छुए.”

वकिलांनी चष्मा काढला आणि पुसला. टायपिस्टने मॅडमकडे बघितलं, मॅडम म्हणाल्या, “लिखिए, जैसा बच्ची ने कहा.” मला रडू आलं. मांडीखालचे हात बधिर झाले होते, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत, आणि तेच बरं झालं.

नमस्कार हा नुसता सवयीचा असेल, असं मी सकाळपासून धरून चालले होते. त्या पाठीला सगळं माहीत होतं.

आईने ते खोलीबाहेरून ऐकलेलं नव्हतं. बंद दाराआडची साक्ष तिलाही ऐकता येत नाही. मुलगी बाहेर आल्यावर आईने तिच्याकडे बघितलं, मुलीने मान हलवली, आणि आईने तिच्या स्वेटरचं वरचं बटण उगाचच लावलं. मी त्यांना मागच्या दाराने कॅबपर्यंत सोडून आले. या वेळी आधी बाक बघितला. तो रिकामा होता, गार्डने म्हातारीला पुन्हा पुढे नेऊन बसवलं होतं.

माझी सही राहिली होती, म्हणून मी पुढच्या कॉरिडॉरमधून परत निघाले. आजी लाकडी बाकावर शाली आवळून बसली होती. तिने माझं कार्ड आधी बघितलं, मग चेहरा.

“तुम्ही तिच्याबरोबर होतात ना? काय बोलली ती?”

“काकू, मला सांगता येत नाही.”

“माझं काही सांगितलं?”

मला जायला हवं होतं, पण पाय निघेना. तेवढ्यात तिचा मुलगा वकिलांशी बोलणं संपवून आला. नीट भांग, ऑफिसचं जॅकेट, तोंड पांढरं पडलेलं. मी तिथे असल्याची त्याने दखलच घेतली नाही. बाकावरची आजीची पिशवी उचलून तो म्हणाला, “आई, चल. कॅब आलीये.”

“मी घरात होते असं सांगितलं ना तिने?”

“लहान आहे ती. तिला काय कळतंय? पुढच्या तारखेला तू येऊन तुझं तू सांग, सगळं ठीक होईल. वकील म्हणाले.”

आजी म्हणाली, “म्हणजे तिला मी खोटं पाडायचं.”

“आई, इथे नको.”

“तिला,” ती पुन्हा म्हणाली, कसलाही आवाज न चढवता. मग माझ्याकडे वळली. “ताई, ते सरकारी वकील कुठे बसतात?”

हे मात्र मला सांगता येत होतं. कोण कुठे बसतं हे कुणीही विचारलं तरी सांगायचं, हे माझं कामच आहे. “वरच्या मजल्यावर, जिन्याला लागूनच. पण लिफ्ट बंद आहे, काकू. चढवेल का तुम्हाला?”

“चढेन हळूहळू,” ती म्हणाली, आणि उठून तिने मुलाच्या हातातली आपली पिशवी काढून घेतली.